आई-बाबांना डिस्नेची परेड नीट बसून कशी दाखवायची: ऑरलँडोला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे-जून आला की अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडे आई-बाबा यायला लागतात, नायगारा होतं, न्यूयॉर्क होतं आणि मग ऑरलँडोचं नाव निघतं कारण नातवंडांना डिस्ने बघायचं असतं आणि आजी-आजोबांना नातवंडांबरोबर राहायचं असतं. पण दिवसाचा प्लॅन सगळा राइड्सभोवती होतो आणि आजी-आजोबा बाकावर बॅगा सांभाळत बसतात, संध्याकाळी विचारलं तर म्हणतात "छान होतं सगळं", आणि प्रत्यक्षात त्यांनी बघितलेलं असतं काय तर लोकांची ये-जा. मला हे फार खटकतं. गुडघे दुखणाऱ्या, फार वेळ उभं राहता न येणाऱ्या माणसासाठी त्या पार्कमधली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे परेड, ती स्वतः चालत तुमच्या समोर येते, चढायचं नाही उतरायचं नाही, झटके नाहीत, अंधार नाही, आणि नीट तयारी केली तर ती अगदी पुढच्या रांगेत बसून बघता येते. म्हणून ज्येष्ठ माणसं बरोबर असतील त्या दिवशी आधी परेडची वेळ धरा आणि राइड्स उरलेल्या वेळात बसवा. ते कसं करायचं ते सगळं क्रमाने सांगते. उदाहरण म्हणून मॅजिक किंगडम घेतलंय कारण आपली बहुतेक मंडळी तिथेच जातात.

आधी परेड समजून घ्या

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही एक जागा नाही, त्यात चार वेगवेगळे पार्क आहेत, आणि तो किल्ला असलेला, १९७१ मध्ये सगळ्यात आधी सुरू झालेला पार्क म्हणजे मॅजिक किंगडम. दिवसाची मोठी परेड तिथेच असते, फेस्टिव्हल ऑफ फँटसी, २०१४ पासून चालू आहे. बऱ्याच दिवशी ती दुपारी १२ आणि ३ अशी दोनदा असते पण वेळ दिवसागणिक बदलू शकते म्हणून जायच्या आदल्या दिवशी आणि सकाळी परत एकदा माय डिस्ने एक्स्पीरियन्स ॲपमध्ये बघा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.

रस्ता असा आहे. परेड पार्कमधल्या फ्रंटियरलँड नावाच्या भागातून निघते, शेजारच्या लिबर्टी स्क्वेअरमधून येते, किल्ल्यासमोरच्या गोल चौकाला वळसा घालते, त्या चौकाला सगळे हब म्हणतात, आणि मग मेन स्ट्रीटवरून सरळ खाली गेटजवळच्या टाउन स्क्वेअरपर्यंत जाते. एका जागी बसलेल्या माणसासमोरून पूर्ण परेड जायला साधारण १२ मिनिटं लागतात. फ्रंटियरलँडमध्ये बसलात तर वेळेवर दिसते, मेन स्ट्रीटवर बसलात तर तिथपर्यंत यायला अजून पंधरा-वीस मिनिटं धरा, हे माहीत नसलं की लोक उगाच अस्वस्थ होतात आणि आजोबा तीनदा विचारतात "रद्द झाली का रे?"

काय बघायला मिळतं तर राजकन्यांचा फुलांचा रथ, समुद्राखालची जलपरी, पीटर पॅनचं जहाज, आणि सगळ्यात मोठा तो लोखंडी दिसणारा ड्रॅगन, साधारण २६ फूट उंच, तोंडातून खरी आग काढतो. वारा असेल तर आग सोडत नाहीत. शेवटी मिकी आणि मिनी उंच फुग्याच्या रथावर येतात. हे आधीच आजी-आजोबांना सांगून ठेवा, विशेषतः आगीचं, कारण धगीने आणि आवाजाने माणूस दचकतो, आणि नातवंडांना विचारा कुठली गोष्ट कुठल्या रथावर आहे, त्यांना आजीला समजावून सांगायला फार आवडतं.

घरीच करायचं काम: व्हीलचेअरचा विषय

खरी अडचण पार्कमध्ये नसते, ती घरात असते. मुंबई किंवा पुण्याहून येताना विमानतळावर आपले बहुतेक आई-बाबा व्हीलचेअर मागतात, तिकिटातच ती लिहिलेली असते, कुणाला त्यात काही वाटत नाही. पण पार्कसाठी म्हटलं की "मी काय एवढी म्हातारी झालेय का, मी रोज बागेत चार फेऱ्या मारते". त्या चार फेऱ्या सकाळी सहाच्या गारव्यात असतात, मध्ये बाकावर मैत्रिणी असतात. इथे पार्किंगपासून गेटपर्यंत, गेटपासून किल्ल्यापर्यंत, प्रत्येक रांगेत, आणि मग परत, हे सगळं फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि दिवसभरात कितीतरी मैल होतं. रोज चालणाऱ्या माणसाचेसुद्धा पाय दुपारपर्यंत सुजतात.

म्हणून हे बोलणं आठवडाभर आधी करा, गेटवर नको, चार लोकांसमोर तर अजिबात नको. सांगायचं ते सरळ सांगा, "आई, विमानतळावर घेतली तशीच ही, चालावंसं वाटलं की चाल, थकलीस की बस, परेड तुला पुढे बसून बघायला मिळेल." शेवटचं वाक्य बहुतेक वेळा पटतं. बाबांच्या बाबतीत मी बघितलंय की मुलाने सांगून ऐकत नाहीत पण त्यांच्याच वयाच्या, आधी जाऊन आलेल्या मित्राने फोनवर सांगितलं की लगेच ऐकतात, तर तसा फोन लावून द्या.

आणि दोघं येत असतील तर दोघांचा विचार करा. एकच व्हीलचेअर घेतली की आई बसते आणि बाबा मागे उभे राहतात कारण परेड बघायला व्हीलचेअरवाल्यांसाठी जी राखीव जागा असते तिथे बाकीच्यांना वेगळी खुर्ची देत नाहीत, बरोबरच्या माणसांनी उभं राहायचं किंवा खाली बसायचं असं असतं. पंचाहत्तरीच्या माणसाला फुटपाथवर मांडी घालून बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही. दोघांनाही उभं राहायचा त्रास असेल तर दोन व्हीलचेअर घ्या, किंवा एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला सीट असलेला चाकांचा वॉकर. घरची फोल्डिंग खुर्ची उचलून न्यायचा विचार मनात येतो पण ती पार्कमध्ये आणू देत नाहीत, सिक्युरिटीलाच अडवतात.

कुठली खुर्ची

तीन पर्याय आहेत. हाताने ढकलायची व्हीलचेअर, बॅटरीवर चालणारी स्कूटर जिला तिथे ईसीव्ही म्हणतात, आणि वर सांगितलेला सीटवाला वॉकर.

पार्कमध्ये गेटमधून आत गेल्यावर उजव्या हाताला व्हीलचेअर आणि ईसीव्ही भाड्याने मिळतात. आधी बुकिंग होत नाही, आधी येईल त्याला, आणि ईसीव्ही गर्दीच्या दिवशी सकाळीच संपतात, भाडंही व्हीलचेअरच्या कितीतरी पट असतं. ईसीव्ही चालवायला वय किमान १८ लागतं आणि तिच्यावर एकटंच बसायचं, नातवाला मांडीवर घेऊन चालवायला परवानगी नाही. पार्कची भाड्याची खुर्ची पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे बस स्टॉप किंवा पार्किंगपर्यंतचं चालणं उरतंच. त्याच दिवशी दुसऱ्या पार्कमध्ये जाणार असाल तर पावती जपून ठेवा, तिथे ती दाखवून दुसरी मिळते.

माझं मत विचाराल तर ज्यांनी आयुष्यात कधी स्कूटर चालवलेली नाही अशा आजींना पहिल्याच दिवशी त्या गर्दीत ईसीव्ही देऊ नका. लहान मुलं अचानक समोरून पळतात आणि अंगठ्याने दाबायचा तो लिव्हर घाबरल्यावर अजून घट्ट दाबला जातो. जे आजोबा काल-परवापर्यंत ॲक्टिव्हा चालवत होते ते मात्र ईसीव्हीवर खूष असतात, कुणावर अवलंबून नाही म्हणून, तर त्यांना जरूर द्या, फक्त आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं सराव करू द्या.

बाकी सगळ्यांसाठी हलकी ढकलायची खुर्ची उत्तम, आणि जमलं तर स्वतःचीच न्या, घरातून गाडीत, गाडीतून गेटपर्यंत, सगळीकडे उपयोगी पडते. विकत घ्यायच्या आधी तुमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आई-बाबा येऊन गेल्यावर घडी करून ठेवलेली असते आणि लोक आनंदाने देतात.

साडी नेसणाऱ्या आजींसाठी एक महत्त्वाचं, पदर आणि निऱ्या चाकात जातात. पदर खांद्याला पिन करून दुसरं टोक कमरेला खोचा, निऱ्या पाय ठेवायच्या पट्टीवर वर घ्या, आणि ढकलणाऱ्याने दर थोड्या वेळाने खाली बघायचं. पंजाबी ड्रेस घालायला तयार असतील तर ओढणी घरी ठेवा. चपलेऐवजी बूट हवेत, नवे नकोत, दोन आठवडे घरात घालून सवय झालेले.

डीएएसच्या मागे लागू नका

डिस्ने म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं "डीएएस काढून घ्या, लाइन लागत नाही". हा पास, म्हणजे डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस, २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या, रांगेत थांबणंच ज्यांना जमत नाही अशा लोकांसाठी आहे, गुडघेदुखी किंवा चालायला त्रास यासाठी तो देत नाहीत. आणि परेडसाठी त्याची गरजही नाही. व्हीलचेअरवाल्यांची परेड बघायची जागा डीएएसशी जोडलेली नाही, त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेटही दाखवावं लागत नाही. अमेरिकेत १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यामुळे लोकांसाठी खुल्या असलेल्या अशा जागांना ही सोय करावीच लागते. ती मागताना संकोच करू नका, आणि गरज नसताना फक्त पुढची जागा मिळावी म्हणून धडधाकट माणसाला खुर्चीत बसवूनही नेऊ नका, त्या जागा मोजक्या आहेत आणि तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आजीला मागे बसावं लागतं.

गेटपर्यंत

मॅजिक किंगडमला गाडी गेटपाशी जात नाही. पार्किंग जिथे आहे त्याला ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटर म्हणतात आणि तिथून तळ्यापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जायचं. दोन्हीत व्हीलचेअर जाते, मोनोरेलला कर्मचारी रॅम्प लावून देतात. पण स्टेशनवर चढताना उतार बराच आहे, ढकलणाऱ्याला दम लागतो, म्हणून मी फेरीबोट सुचवते, खालच्या डेकवर खुर्ची सरळ आत जाते, वारा लागतो आणि समोर हळूहळू किल्ला मोठा होत जातो ते आजी-आजोबांना फार आवडतं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरला असाल तर बस सर्वात सोपी, ती पार्कच्या गेटजवळ सोडते आणि तिच्यात रॅम्प असतो.

या सगळ्याला, सिक्युरिटी धरून, गाडी लावल्यापासून आत पोचेपर्यंत तासभर सहज जातो. १२ ची परेड बघायची असेल तर साडेनऊला पार्किंगमध्ये असा. नाश्ता घरूनच, पोटभर.

जागा

आत गेल्यावर राइडकडे धावायच्या आधी हे काम करा. डाव्या हाताला टाउन स्क्वेअरमध्ये सिटी हॉल आहे, तिथे गेस्ट रिलेशन्सचं काउंटर असतं, किंवा वाटेत निळ्या छत्रीखाली उभे असलेले कर्मचारी दिसतील, त्यांना विचारा की आजच्या परेडला व्हीलचेअरसाठी राखीव जागा कुठे आहेत आणि कितीला उघडतात. रस्त्यावर अशा एकाहून जास्त जागा असतात पण त्या नेमक्या कुठे हे गर्दी, सण आणि बांधकाम बघून बदलतं, उदाहरणार्थ २०२५ च्या जुलैपासून फ्रंटियरलँडची नदी बंद करून तिथे नवीन भाग बांधायचं काम चालू झालंय, त्यामुळे त्या बाजूचे जुने सल्ले आता चालत नाहीत. म्हणून त्या दिवशीच, तिथल्याच माणसाला विचारायचं.

विचारताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. आत किती माणसं येऊ शकतात, कारण एका खुर्चीमागे किती जण याला मर्यादा असते आणि आपण असतो आठ-नऊ जण. सावली कुठल्या जागेला आहे. आणि परेड संपल्यावर बाहेर कुठून सोडतात. कर्मचारी प्रेमाने सांगतात, घाई करत नाहीत, तुमचं इंग्रजी कसंही असो, आजींना स्वतःला विचारायचं असेल तर विचारू द्या.

मोठा गट असेल तर फूट पाडा. खुर्चीबरोबर एक मोठा माणूस आणि जमेल तेवढी नातवंडं राखीव जागेत, बाकीचे शेजारी रस्त्याच्या कडेला. सगळे एकत्रच हवेत असा हट्ट धरून कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका.

जागा आधी येईल त्याला मिळते. साध्या दिवशी पाऊण तास आधी, शनिवार-रविवार किंवा सुट्टीत तासभर आधी पोचा. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात शक्यतो जाऊच नका, ज्येष्ठांना घेऊन तर नकोच, तेव्हा खुर्ची ढकलायलाच वाट मिळत नाही.

व्हीलचेअर नाही, नुसती काठी आहे, पण अर्धा तास उभं राहवत नाही असं असेल तर? अशांची अडचण सर्वात जास्त होते, राखीव जागा खुर्चीवाल्यांसाठी असते आणि गर्दीत त्यांना कुणी बसू देत नाही. टाउन स्क्वेअरमधली बाकं लवकर गाठणं हा एक मार्ग आहे पण बाकावर बसल्यावर पुढे माणसं उभी राहतात आणि फक्त उंच रथांचे शेंडे दिसतात. त्यापेक्षा त्या दिवसापुरती व्हीलचेअर भाड्याने घ्या.

ऊन कुठून येतं

याचा विचार फार कमी लोक करतात आणि ज्येष्ठांसाठी माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मेन स्ट्रीट दक्षिणोत्तर आहे, गेट दक्षिणेला, किल्ला उत्तरेला. आत येताना किल्ल्याकडे तोंड केलंत तर डावी बाजू पश्चिम, उजवी पूर्व. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे असतं आणि ऑरलँडोला सूर्य डोक्यावर यायला जवळजवळ दीड वाजतो. म्हणजे १२ च्या परेडला ऊन अजून पूर्वेकडून येत असतं आणि सावली उजव्या बाजूच्या दुकानांच्या कडेला मिळते, ३ च्या परेडला उलट, डाव्या बाजूला. जून-जुलैमध्ये सूर्य इतका उंच असतो की सावलीची पट्टी अरुंदच पडते पण तेवढीही खूप असते. हिवाळ्यात ३ वाजता डावीकडे छान लांब सावली असते. हब आणि टाउन स्क्वेअर दोन्ही मोकळे आहेत, तिथे ऊन थेट.

राखीव जागा उन्हात असेल तर एक सोपा उपाय, आधीपासून आजींना तिथे बसवून ठेवू नका. डाव्या बाजूचं एम्पोरियम नावाचं दुकान मेन स्ट्रीटच्या बऱ्याच लांबीवर आतून जोडलेलं आहे आणि थंडगार आहे. खुर्चीवाला माणूस शक्य तेवढा वेळ तिथे, आणि राखीव जागा भरायला लागली की बाहेर. नुसती पिशवी ठेवून जागा धरता येत नाही, खुर्चीवाला माणूस स्वतः हवा, म्हणून जागा भरतेय का यावर एकाने लक्ष ठेवायचं आणि फोन करायचा.

टोपी हवी, रुंद काठाची. छत्री उघडली की मागच्या खुर्चीवाल्याला काही दिसत नाही, म्हणून वाट बघताना उघडा आणि परेड आली की मिटा. ओला पंचा मानेवर ठेवला की बरं वाटतं. आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटासह पाऊस जवळजवळ रोजचा, विजा असतील तर परेड उशिरा निघते, छोटी करतात किंवा रद्दच करतात. त्यामुळे दोन परेड असतील त्या दिवशी माझं मत नेहमी १२ च्या बाजूने, ती चुकली तर ३ ची हातात राहते, आणि ती झाली तर जेवून आजी-आजोबांना हॉटेलवर झोपायला नेता येतं.

वाट बघायचा तास

औषधं, पाणी, खाणं, बाथरूम. या चार गोष्टी नीट झाल्या की बाकी सगळं सोपं.

डायबिटीस असेल तर जेवणाची वेळ परेडसाठी पुढे ढकलू नका. पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बाटली किंवा बरणी नको, म्हणून दशम्या, चटणी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, केळी जे पचतं ते न्या, तिथलं चीज घातलेलं खाणं सगळ्यांना सोसत नाही. साखर उतरल्यासारखं वाटलं तर पटकन द्यायला गोळ्या किंवा ज्यूस वेगळ्या खिशात, बॅगेच्या तळाशी नको. इन्सुलिन थंड ठेवायचं असेल तर फर्स्ट एडमध्ये ठेवून घेतात, ते केंद्र हबजवळ क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या बाजूला आहे. चक्कर आली, पाय मुरगळला, नुसतं पंधरा मिनिटं गार खोलीत आडवं व्हायचंय तरी तिथेच जायचं, नर्स असतात.

पाणी विकत घ्यायची गरज नाही, खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट देतात. बऱ्याच आज्या बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, हे लक्ष ठेवून मोडून काढा, त्या उन्हात ते धोक्याचं आहे. त्यापेक्षा बाथरूमचं नियोजन करा. राखीव जागेत जायच्या आधी एकदा, आणि परेडच्या वीस मिनिटं आधी हवं असेल तर परत एकदा, बाकीचे जागेवर थांबतील. मुलाला आईबरोबर किंवा सुनेला सासऱ्यांबरोबर आत जावं लागत असेल तर कम्पॅनियन रेस्टरूम शोधा, म्हणजे एकच मोठी बंद खोली, दोघांना जाता येतं. फर्स्ट एडपाशी आहे, बाकीच्या ॲपच्या नकाशात दिसतात. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

परेड आल्यावर

खुर्ची जागेवर लावली की दोन्ही ब्रेक लावा, ईसीव्ही असेल तर बंद करून किल्ली काढा म्हणजे चुकून हात लागून पुढे जाणार नाही. पाय पट्टीवर, पट्टी आखलेल्या रेषेच्या आत. रथ खरंच जवळून जातात आणि नाचणारे कडेपर्यंत येतात.

मेन स्ट्रीटवर एक गोष्ट सांभाळा, रस्त्यात घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्या फटीत अडकतात आणि खुर्ची पुढे झुकते, माणूस पडू शकतो. रूळ ओलांडताना तिरकं जाऊ नका, काटकोनात जा, आणि शक्य असेल तर पाठीमागून ओढत न्या म्हणजे मोठी चाकं आधी जातील. फुटपाथवरून उतरायलाही कोपऱ्यावरचा उतारच वापरा.

स्पीकर मोठे आहेत. कानाचं मशीन असेल तर आवाज आधीच कमी करून ठेवा.

आणि मग कृपा करून फोन खाली ठेवा. एक फोटो आजींचा, एक सगळ्यांचा, बास. नाचणारे कलाकार खुर्चीतल्या माणसाकडे बघून हात हलवतात, वाकून नमस्कार करतात, फार मनापासून करतात, आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं माणूस लहान मुलासारखं हात हलवून उत्तर देतं. ते तुम्हाला डोळ्यांनी बघता आलं पाहिजे.

संपल्यावर लगेच उठू नका

शेवटचा रथ गेला की मागून लोकांचा लोंढा येतो, अर्धे गेटकडे अर्धे राइडकडे, आणि खुर्चीतल्या माणसाची नजर त्या लोंढ्यात सगळ्यांच्या कमरेच्या उंचीवर असते, जीव गुदमरतो. दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा, पाणी प्या. नंतर गेटकडे जायचं असेल तर रस्त्याऐवजी एम्पोरियममधून आतून जा. परेड चालू असतानाही रस्ता ओलांडता येत नाही, ठरावीक ठिकाणीच सोडतात, त्यामुळे विमान किंवा बसची वेळ असेल तर परेडनंतर लगेचची ठेवू नका. नातवंडांना राइडला पळायचं असेल तर पळू द्या, एकाने आजी-आजोबांजवळ थांबायचं, आणि ते रोज एकाच माणसावर, बहुतेक वेळा सुनेवर, पडू नये एवढं बघा.

रात्रीची परेड बघायची का

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिव्यांची जुनी परेड बंद झाली त्यानंतर कितीतरी वर्षं मॅजिक किंगडमला रात्रीची परेडच नव्हती, ती जुलै २०२५ मध्ये परत आली, नाव स्टारलाइट. अंधारात हजारो दिवे लावलेले रथ येतात, सुरुवातीला निळी परी, आणि ऊन अजिबात नाही. ज्येष्ठांसाठी हवेच्या दृष्टीने ही जास्त चांगली. पण आतषबाजीची गर्दी त्याच वेळेला त्याच रस्त्यावर असते, आणि दिवसभर थकलेल्या माणसाला रात्री दहा-साडेदहाला मोनोरेलच्या रांगेत उभं करणं योग्य नाही. रात्रीची बघायचीच असेल तर सकाळी पार्कला जाऊ नका, दुपारी झोप काढून चार-पाचला या. परेड झाली की मेन स्ट्रीटवरच्या दुकानात निवांत बसा, पार्क बंद झाल्यावरही ती थोडा वेळ चालू असतात, गर्दी ओसरली की निघा.

ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जात असाल तर तारीख नीट बघा. बऱ्याच रात्री हॅलोविन आणि ख्रिसमसच्या पार्ट्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. त्या रात्रीची परेडही पार्टीवाल्यांसाठीच. दिवसाची परेड बघायला मात्र हेच दिवस चांगले, रात्रीचं काही नसल्यामुळे दिवसा गर्दी कमी असते.

कॅलिफोर्नियाला जाणार असाल तर

ॲनाहाइमचं डिस्नेलँड, १९५५ चं, आकाराने लहान आणि ज्येष्ठांसाठी खरं तर जास्त सोयीचं. दोन पार्कची गेटं समोरासमोर आहेत, तळं ओलांडायचं नाही. व्हीलचेअर गेटच्या बाहेरच भाड्याने मिळते. परेड इट्स अ स्मॉल वर्ल्ड नावाच्या राइडपासून टाउन स्क्वेअरपर्यंत किंवा उलट दिशेने जाते, कुठल्या वेळची परेड कुठून निघणार हे विचारून घ्या, आणि शक्यतो जिथून निघते त्या टोकाला बसा, वाट कमी बघावी लागते. राखीव जागेची पद्धत, उन्हाचा विचार, रुळांची काळजी, सगळं वरच्यासारखंच. संध्याकाळी मात्र तिथे हवा एकदम गार होते, ऑरलँडोच्या उलट, म्हणून आजींची शाल बरोबर घ्या आणि आजोबांना नको म्हणाले तरी स्वेटर.